टिकल्या आणि पट्ट्या

माझं ऑफिस महादेवपुऱ्यात आहे, आणि त्याच्या फाटकातून बाहेर पडून समोरच्या बाजूला चालत जाता येत नाही. समोर इडली मिळते, झेरॉक्स मिळतं, औषधं मिळतात. मधे मोठा रस्ता आणि रस्त्याच्या मधोमध कमरेएवढी काँक्रीटची भिंत. इडली खायचीच असेल तर गाडीत बसायचं, पार पुढच्या यू-टर्नपर्यंत जायचं, आणि ट्रॅफिकची कृपा असेल तर वीस मिनिटांनी समोर उतरायचं. अशा ऑफिसात बसून आम्ही लोकांना नीट चालता यावं म्हणून नकाशे काढतो. अर्बन डिझाइन म्हणतात याला. चौदा वर्षं मी हेच करते आहे, आणि हल्ली कुणी या शहराच्या हवेचं कौतुक करायला लागलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. हवा चांगली आहे, मान्य. पण त्या हवेत चालायचं कुठून?

बाबा तीन वर्षांपूर्वी सोलापूरहून आमच्याकडे जे. पी. नगरला राहायला आले. आई गेली होती आणि बाबांचे डोळे चालले होते. काचबिंदू. त्यात नजर कडेकडेनं मिटत येते. समोरचं थोडंसं दिसत राहतं, पण पायाखालचं आणि बाजूचं काही नाही. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलंही हळूहळू जाईल. बाबांनी एकच विचारलं, "एकट्याला चालता येईल ना?" डॉक्टर म्हणाले, का नाही येणार, काठी घ्या, सवय करा. बाबांनी तेवढंच मनात धरलं. बाकीचं सगळं गेलं तरी चालेल, पण सकाळी उठून कुणाचा हात न धरता बाहेर जाऊन यायचं, एवढी एकच गोष्ट त्यांनी स्वतःसाठी मागितली.

आणि आमच्या रस्त्यावर तर डोळस माणसालाही चालता येत नव्हतं. गटारावर टाकलेल्या दगडी लाद्या, त्यातली प्रत्येक तिसरी हलणारी. प्रत्येक घरासमोर गाडी आत घ्यायला केलेला उतार, प्रत्येकाचा वेगळा, कारण प्रत्येकाची गाडी वेगळी. मधेच ट्रान्सफॉर्मर, मधेच कुणाची तुळस, मधेच केबलवाल्यांनी गुंडाळून ठेवलेली काळी वेटोळी. लोक फुटपाथ सोडून रस्त्यावरून चालायचे आणि रस्त्यावरच्या स्कूटर फुटपाथवरून जायच्या. पहिल्या आठवड्यात बाबा गेटबाहेर पाच पावलं गेले आणि परत आले. मग गच्चीवर फेऱ्या मारायला लागले. टाकीपासून कठड्यापर्यंत अठरा पावलं. "छान वारा आहे इथं," म्हणायचे. मला ते ऐकवायचं नाही.

म्हणून आमच्या रस्त्याच्या नूतनीकरणाचं काम आमच्याच ऑफिसकडे आलं तेव्हा मी ते भांडून स्वतःकडे घेतलं. आमचे मोठे साहेब पुण्याचे. गोड बोलणारे आणि फोटोचे भुकेले. त्यांना भिंतींवर चित्रं हवी होती, मोठ्या कुंड्या हव्या होत्या, लोखंडी अक्षरांत रस्त्याचं नाव हवं होतं म्हणजे तरुण मंडळी समोर उभी राहून फोटो काढतील. मला फुटपाथ हवा होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच पातळीत, न तुटता, घरांच्या उतारांपुढे मान न तुकवता जाणारा. त्या मीटिंगमध्ये मी जरा जास्तच बोलले. म्हणाले, ज्या माणसाला दिसत नाही तो माणूस एकटा जाऊन कॉफी पिऊन घरी परत आला, तर त्या रस्त्याचं डिझाइन चांगलं. बाकी सगळी रंगरंगोटी. साहेबांनी ते वाक्य लगेच वहीत उतरवून घेतलं आणि पुढच्या प्रेझेंटेशनमध्ये पहिल्याच पानावर टाकलं. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

इथे बाबांच्या नोकरीबद्दल सांगायला हवं. बाबा पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. इंजिनिअरांनी पेन्सिलीनं काढलेला नकाशा खाली ठेवायचा, वर ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायचं आणि शाईनं तो जसाच्या तसा उतरवायचा. सगळा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या रेघा गिरवण्यात घालवला आणि कधी तक्रार केली नाही. मला नकाशा वाचायला त्यांनीच शिकवलं, आणि तो कोपऱ्यातून वाचायला शिकवलं. उजवीकडे खाली खुणांची सूची असते. ही रेघ म्हणजे कालवा, हे ठिपके म्हणजे झुडपं, ही फुली म्हणजे विहीर. "सूची वाचल्याशिवाय नकाशाला हात लावायचा नाही," असं ते मला सांगायचे. मी तेव्हा चौथीत होते. आर्किटेक्चरच्या पाच वर्षांत मला याहून कामाचं कुणी काही सांगितलं नाही.

आता आमची पद्धत. कोणत्याही ऑफिसात कोणी नवी शीट कोऱ्या कागदापासून काढत नाही. जुन्या कामाची शीट उचलायची, नाव बदलायचं, मापं बदलायची, आणि पुढे पाठवायची. फुटपाथवरच्या पिवळ्या फरश्यांच्या तपशिलाची शीट मी अशीच एका जुन्या कामातून उचलली. या फरश्या दोन प्रकारच्या असतात. एकीवर लांबट पट्ट्या उठवलेल्या असतात, दुसरीवर गोल टिकल्या. न दिसणाऱ्या माणसाला ते तळपायाला आणि काठीला कळतं. पट्ट्या म्हणजे या दिशेनं चालत राहा, टिकल्या म्हणजे थांब, पुढे रस्ता आहे किंवा पायरी आहे. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पण जुन्या शीटमध्ये या दोन फरश्यांना नुसतं पहिला प्रकार आणि दुसरा प्रकार अशी नावं होती, माझ्या नकाशात त्यांचा क्रम नेमका उलटा होता, आणि संध्याकाळपर्यंत सगळा गठ्ठा पाठवायचा होता. मी सूची चिकटवली आणि ती वाचली नाही. साहेबांनी सही केली. त्यांनी बहुतेक पिवळा रंग बरोबर आहे एवढंच बघितलं असेल.

काम सुरू झालं तेव्हा मी रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी तिथे उभी असायची. फरश्या बसवणारे मिस्त्री विजापूरकडचे होते. पन्नाशीचे, हाताला चुना, घरात मराठी आणि बाहेर कानडी बोलणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला थांबवलं.

"अक्का, ह्ये उलटं हाय बगा," ते म्हणाले. "मेट्रोच्या कामात आमी गोल-गोलाची फरशी कडंला लावली हुती. पट्ट्याची मधी."

त्या सकाळी मला आधी एका बाईंनी त्यांचा उतार का ठेवायला हवा ते समजावलं होतं. मग एका निवृत्त गृहस्थांनी पावसाचं पाणी कुठून जातं ते समजावलं. मग नगरपालिकेच्या इंजिनिअरांनी फुटपाथ एवढा रुंद कशाला म्हणून विचारलं होतं. मिस्त्री चौथे. माझा राग नाकावरच असतो.

"मिस्त्री, ड्रॉइंगमध्ये आहे तसं लावा," मी म्हणाले. "प्रत्येकानं आपलं डोकं चालवलं तर काम व्हायचं कधी?"

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग "सरी, अक्का", म्हणजे बरं, एवढंच म्हणाले आणि खाली बसून फरशी ठोकायला लागले. इतकं सुबक काम मी या शहरात दुसरीकडे बघितलेलं नाही. पाऊण किलोमीटरची पिवळी रेघ, कुठे सूतभर हललेली नाही.

उद्घाटन झालं. साहेब आले, नगरपालिकेची मंडळी आली, सगळे सावलीच्या बाजूनं शंभर पावलं चालले आणि गाड्यांत बसून गेले. फोटो झाले. कुंड्याही आल्याच शेवटी, पण मी त्या पिवळ्या रेघेपासून दोन हात लांब ठेवायला लावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांना गेटबाहेर नेलं, काठीचं टोक फरशीवर टेकवलं आणि म्हणाले, "बाबा, या पिवळ्या फरशीवर राहायचं. ती तुम्हाला कोपऱ्यावरच्या दर्शिनीपर्यंत नेते." दर्शिनी म्हणजे उभं राहून खायचं हॉटेल. तिथली कॉफी मोठी छान असते.

पुढचे दोन महिने मी या शहरावर चक्क खूश होते. बाबा पहिल्यांदा माझ्याबरोबर गेले, मग मी दहा पावलं मागून चालले, मग नुसती गेटात उभी राहिले. त्यांनी चांभाराकडून चपलांचे जाड तळ काढून पातळ लावून घेतले, म्हणजे पायाला नीट लागतं. दर्शिनीवाला त्यांना लांबूनच "बन्नी अंकल", या काका, म्हणून हाक द्यायला लागला, आणि बाबा "सक्करे कम्मी", साखर कमी, म्हणायला शिकले. सोलापुरात चहाशिवाय दुसरं काही न प्यायलेला माणूस घरी येऊन कॉफीत चिकोरी किती होती ते सांगायचा. गच्चीवरच्या फेऱ्या बंद झाल्या.

मग एका रविवारी, भाजी निवडता निवडता, बाबांनी मला माझ्याच फुटपाथचं कौतुक सांगायला घेतलं.

"हुशारीनं केलंयस हं," ते म्हणाले. "पायाला टिकल्या लागल्या की चालत राहायचं. पट्ट्या आल्या की थांबायचं, पुढं काहीतरी आहे. मला पहिले चार दिवस उमगलं नाही. मग एकदा सूची कळली की सगळा नकाशा कळला."

माझ्या हातात गवारीची शेंग होती. ती तशीच राहिली. मला मिस्त्री आठवले, त्यांचं ते क्षणभर बघणं आठवलं. "हो ना," मी म्हणाले आणि आत जाऊन लॅपटॉप उघडला. शीट उघडली. उजवीकडचा खालचा कोपरा मोठा करून बघितला. पहिला प्रकार, दुसरा प्रकार. माझ्या हातची चूक, माझ्या नावाची आद्याक्षरं खाली.

सोमवारी मी साहेबांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"अगं, पण कोण वाचतंय ते पायानं?" ते म्हणाले.

"माझे वडील वाचतात."

"मग त्यांना जमतंय ना? कॉफी पिऊन घरी येतात ना? तूच म्हणाली होतीस, तेवढं झालं की झालं." आणि मग, जरा मऊ आवाजात, "हे काम स्पर्धेसाठी पाठवलंय. फोटो गेलेत. आता आपणच उठून चूक झाली म्हणायचं?"

मी नगरपालिकेच्या इंजिनिअरांकडे गेले. चांगले गृहस्थ, टेबलावर फायलींच्या मागे फक्त चष्मा दिसणारे. मी त्यांना दोन्ही फरश्यांचे फोटो दाखवले, नियम दाखवला. त्यांनी फोटो उभा धरला, आडवा धरला.

"हळदी इदे अल्वा, मेडम?" ते म्हणाले. पिवळी आहे ना?

पिवळी आहे, मी म्हणाले, पण उलटी आहे. मग त्यांनी मला जे समजावलं ते इतकं बिनचूक होतं की मला ओरडावंसं वाटलं. काम बिघडलं असेल तर ते कंत्राटदाराकडून फुकट दुरुस्त करून घेता येतं. पण कंत्राटदारानं काम ड्रॉइंगप्रमाणे केलंय. म्हणजे काम बिघडलेलं नाही. ड्रॉइंग चुकलंय असं तुमच्या ऑफिसनं लेखी दिलं तर बघता येईल. "नोडोणा," ते म्हणाले, म्हणजे बघू या, आणि फायलींच्या मागे गेले.

लेखी द्यायचं. मी पत्र लिहिलं. चार ओळींचं, सरळ. आणि ते ड्राफ्टमध्ये ठेवलं. नोकरी जाईल अशी भीती होती असं म्हणता येईल, पण ते पूर्ण खरं नाही. मला बाबांना सांगायचं नव्हतं. सूची न वाचता नकाशाला हात लावला, हे मला त्यांच्या तोंडावर म्हणायचं नव्हतं. आणि रस्ता चालत होता ना. त्यांना जमत होतं. रोज सकाळी ते जाऊन येत होते आणि रोज सकाळी मी त्यांना गेटातून बघत होते आणि मूग गिळून ऑफिसला जात होते. दोन तास गाडीत बसून मी मनातल्या मनात साहेबांना शिव्या घालायची, इंजिनिअरांना घालायची, या सगळ्या शहराला घालायची. स्वतःची पाळी येईपर्यंत ऑफिस यायचं.

उन्हाळ्यात पाण्याच्या पाइपसाठी फुटपाथ खणला. नवा कोरा फुटपाथ, वर्षही झालं नव्हतं. मी रस्त्यात उभी राहून भांडले, त्यांनी मला परवानगीचा कागद दाखवला, आणि पंधरा फूट खणून झालं. परत बसवताना त्या लोकांनी फुटलेल्यांच्या जागी नव्या फरश्या आणल्या आणि हाताला येतील तशा लावल्या. पट्टी, पट्टी, टिकली, पट्टी. बाबा त्या दिवशी तिथे पोचले आणि अडकले. पुढे काय आहे ते काठीनं शोधत उन्हात उभे राहिले. शेवटी दर्शिनीवाला येऊन त्यांना हाताला धरून घेऊन गेला. घरी आल्यावर ते मला म्हणाले, "तिथं कुणीतरी चुकीच्या फरश्या लावल्यात. तुझ्या लोकांना सांग, ड्रॉइंग बघून लावा म्हणावं."

त्या पंधरा फुटांत जेवढ्या पट्ट्या होत्या तेवढ्याच आख्ख्या रस्त्यात बरोबर होत्या. मी म्हणाले, "सांगते." तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं आणि मी ते गिळलं.

डोळ्यातला दाब तपासायला बाबांना दर काही महिन्यांनी दवाखान्यात न्यावं लागतं. त्या दिवशी तीन टॅक्सीवाल्यांनी यायचं कबूल करून नकार दिला. चौथा कुठे जायचंय ते विचारून फोन ठेवून मोकळा झाला. मी चिडून फोन सोफ्यावर टाकला. बाबा चपला घालून तयार होते.

"मेट्रोनं जाऊ," ते म्हणाले. "तिथंही पिवळ्या फरश्या आहेत म्हणतात. आता मला येतं की."

त्यांच्या आवाजात उत्साह होता. बनशंकरीपर्यंत रिक्षा मिळाली. लिफ्टनं वर फलाटावर आलो. लिफ्टपासून पट्ट्यांची फरशी सुरू होते, ती माणसाला नीट फलाटाकडे नेते. बाबा पहिल्या पट्टीवर थांबले. काठीनं पुढचं चाचपलं. एक पाऊल टाकलं, परत थांबले.

"इथं फार थांबवतात गं," ते म्हणाले.

आणि त्याच वेळी माझा फोन वाजला. साहेब होते. स्पर्धेचे परीक्षक आपला रस्ता बघायला येणार आहेत, ते पंधरा फूट तेवढे सारखे करून घे, असं ते सांगत होते. मी बाबांचा दंड सोडला. फार तर दोन पावलं बाजूला झाले असेन, आवाज येत नव्हता म्हणून. मी म्हणत होते की सारखे म्हणजे कसे, सर, कुठल्या बाजूनं सारखे.

मागे वळले तेव्हा बाबा चालत होते. लिफ्टजवळच्या पट्ट्या संपवून ते फलाटाच्या कडेला पोचले होते. तिथे, सगळ्या फलाटांवर असतो तसा, टिकल्यांचा पिवळा पट्टा आहे. थांब, याच्या पुढे काही नाही, असं सांगणारा. बाबांच्या पायाला टिकल्या लागल्या आणि त्यांना रस्ता सापडला. त्यांनी पाठ ताठ केली, काठी हलकी धरली आणि आमच्या रस्त्यावर चालतात तसे, घरच्यासारखे, त्या पट्ट्यावरून भराभर निघाले. डाव्या हाताला वीतभर फरशी, आणि तिच्या पलीकडे, खाली, रूळ.

गार्डनं शिट्टी मारली. "सार, हिंदे, हिंदे," मागे व्हा म्हणून तो ओरडत पळत आला. मी धावत जाऊन बाबांचा शर्ट मागून मुठीत धरला आणि ओढला. ते माझ्यावर आदळले. गाडी यायला अजून वेळ होता, बोर्डावर तीन मिनिटं दिसत होती. पण मला पुढे कितीतरी दिवस ती तीन मिनिटं कधी तीस सेकंद दिसायची, कधी शून्य.

आम्ही बाकावर बसलो. गाडी आली, गेली. फोनमधून साहेब हॅलो, हॅलो करत होते, तो मी बंद केला.

"टिकल्याच होत्या," बाबा म्हणाले. "मी नीट बघून गेलो. टिकल्याच होत्या ना?"

मग मी सांगितलं. सगळं, त्याच बाकावर. जुनी शीट, पहिला प्रकार, दुसरा प्रकार, मिस्त्री काय म्हणाले आणि मी त्यांना काय म्हणाले, इंजिनिअर, ड्राफ्टमधलं पत्र, पाइपवाल्यांच्या पंधरा फुटांत बरोबर काय होतं ते. मधे आणखी एक गाडी गेली. बाबा रुळांच्या दिशेला तोंड करून ऐकत होते. त्यांना रूळ दिसत नव्हते, पण ते तिकडेच बघत होते.

"किती दिवस झाले तुला कळून?" त्यांनी विचारलं.

"सात महिने."

मला वाटलं ते सूचीबद्दल बोलतील, आणि मी त्याची तयारी केली होती.

"कापडावर चूक झाली की आम्ही ब्लेडनं खरवडायचो," ते म्हणाले. "सगळ्यांची व्हायची. माझीही व्हायची. पण तू मला का नाही सांगितलंस? मी उलटं पाठ केलं असतं. आपल्या रस्त्यावर असं, बाकी गावात तसं. एवढं डोकं आहे मला अजून."

मला वाटत होतं मी त्यांना जपते आहे. जपत होते ते स्वतःला, आणि हे मला कळायला त्यांना फलाटाच्या कडेवर जावं लागलं.

दवाखान्यातून आल्यावर मी ते पत्र पाठवलं. इंजिनिअरांना, साहेबांना, स्पर्धेच्या लोकांना, सगळ्यांना. साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि मग फक्त कामापुरतं बोलायला लागले. रस्त्याला बक्षीस मिळालं नाही, त्याचं मला काही वाटत नाही. मिस्त्रींचा नंबर कंत्राटदाराकडून मिळवला. ते आता दुसऱ्या गावी कामाला आहेत. मी माफी मागितली तेव्हा म्हणाले, "असू द्या अक्का, बोलवलं की येतो, काढून लावू." बोलवायला मंजुरी लागते. इंजिनिअरांना मी दर पंधरा दिवसांनी भेटते. पत्र वर गेलं आहे. "नोडोणा."

बाबा आता एकटे जात नाहीत. मी रागावले, समजावलं, आपल्या रस्त्यावर तुम्हाला सगळं पाठ आहे म्हणून सांगितलं. ते म्हणतात, पायाला टिकल्या लागल्या की आता काय करायचं ते त्यांना क्षणभर कळत नाही, आणि त्या क्षणाची भीती वाटते. त्यामुळे मी ऑफिसला उशिरा जाते आणि सकाळी त्यांना घेऊन निघते. काठी घरीच असते. त्यांचा हात माझ्या कोपरावर.

चालताना ते मला प्रत्येक वेळी विचारतात. त्यांच्या चपला पातळ आहेत, त्यांना सगळं कळतं, तरी विचारतात.

"ही कुठली?"

"टिकल्या," मी म्हणते.

"म्हणजे?"

"म्हणजे थांबा, बाबा. पण इथे चाला."

ते मान हलवतात आणि पाऊल पुढे टाकतात. दर्शिनीपर्यंत मला हे असं मोठ्यानं म्हणावं लागतं. रस्ता पाऊण किलोमीटरचा आहे.